विश्लेषण : छेद काढून टाकला, तरी तो विसरून का चालत नाही?

भूगावहून सकाळी पौड रस्त्याने पुण्याकडे निघणाऱ्यांना वेग आणि वेळ यांचे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. गाड्यांचा वेग निम्म्यावर आला की प्रवासाची वेळ दुप्पट होते. हेच नाते बीजगणितात अपूर्णांकाच्या रूपात समोर आले की दहावीतली मुले मात्र अडतात. कारण त्यांना छेद ‘उडवायला’ शिकवले जाते. तो छेद काय सांगतो, हे सांगायचे राहून जाते.

गणित काय आहे?

समजा, कामाचे ठिकाण भूगावपासून १० किलोमीटरवर आहे. जाताना वेग ताशी क्ष किलोमीटर, येताना त्याहून १० ने जास्त. जाऊन-येऊन दीड तास लागतो. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. म्हणून समीकरण असे :

१०/क्ष + १०/(क्ष + १०) = ३/२

समच्छेद कशासाठी?

छेद वेगळे असतील तर अपूर्णांकांची थेट बेरीज होत नाही. येथे तिन्ही छेदांचा लसावि २क्ष(क्ष + १०) आहे. त्याने दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला गुणायचे. उजवी बाजू गुणायची राहणे, ही नेहमीची चूक. गुणल्यावर मिळते :

२०(क्ष + १०) + २०क्ष = ३क्ष(क्ष + १०)

म्हणजेच ३क्ष² − १०क्ष − २०० = ०. उत्तरे दोन : १० आणि −२०/३. वेग ऋण नसतो, म्हणून जातानाचा वेग ताशी १० किलोमीटर. पडताळा सोपा आहे : जाताना एक तास, येताना अर्धा.

अट कुठून आली?

लसाविने गुणताना तो शून्य नाही, हे गृहीत धरलेले असते. क्ष शून्य म्हणजे गाडी जागेवरच उभी. मग पोहोचायला किती वेळ लागेल, याला उत्तरच नाही. आता हे समीकरण पाहा :

क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २

छेद काढल्यावर क्ष = ३ येते. पण ३ ही किंमत ठेवताच मूळ छेद शून्य होतो. सोडवताना एकही आकडा चुकलेला नाही, तरीही या समीकरणाला उकल नाही.

ही काळजी जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) समच्छेदाची रीत दिली आणि शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ असे वेगळे नावही दिले.

काय बदलायला हवे?

छेद शून्य नसल्याची अट विद्यार्थ्यांकडून पहिल्याच ओळीत लिहून घ्यावी. उत्तर मूळ समीकरणात ठेवून तपासणाऱ्याला त्या पायरीचा गुण मिळावा. तिरकस गुणाकाराची युक्ती वेळ वाचवते, पण उत्तर खरे आहे की नाही, हे ती सांगत नाही. जो स्वतः पडताळा घेतो, त्याला पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची उत्तरसूची उघडावी लागत नाही.