मोबाईल घरात आला, इंग्रजी वाचन कधी येणार?

सन २००० पासून आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. पाव शतक उलटलं. तरीही पोराला इंग्रजी यावी म्हणून बाप ऐपत नसताना फीचा आणि पिवळ्या गाडीचा खर्च डोक्यावर घेतो, आणि इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरत जातो.

दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवून आकडे पाहू. देशभरातल्या ग्रामीण भागात झालेल्या 'असर' पाहणीत २०१६ साली पाचवीच्या २४.७ टक्के मुलांना इंग्रजीतलं सोपं वाक्य वाचता आलं. २०२२ साली हा आकडा २४.५ टक्के होता. यात सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळांची मुलं आली. मधल्या काळात मोबाईल मात्र घरोघर पोचला.

साधनांची वाण आहे असंही नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला की 'दीक्षा'वरचा धडा उघडतो. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही वाचता येते. गूगलच्या 'रीड अलाँग'मध्ये मूल मोठ्यानं वाचतं आणि चुकलेला शब्द अॅप सांगतं. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की रेंज नसली तरी चालतं.

मग अडतं कुठं? २०२४ च्या 'असर'मध्ये मोबाईल वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आठवडाभरात तो अभ्यासासाठी वापरला होता. सोशल मीडियासाठी वापरणारे होते ७६ टक्के. अवजार तेच, पण मूठ कोणाच्या हातात आहे यावर नांगरट ठरते.

दुसरी गोष्ट पायाची. ज्या पोराला मराठीच अडखळत वाचता येते, त्याच्यापुढं इंग्रजी व्हिडिओ लावून उपयोग नाही. ते नुसतं चित्रं बघतं. आधी मराठी गोष्ट, मग तीच इंग्रजीत, आणि शेवटी वहीत स्वतःची दोन वाक्यं, हा क्रम धरला तर वाचन, शब्द आणि लेखन एकदम हाताला लागतं. लिहिण्याचं काम मोबाईल करून देणार नाही. वही गुरुजींनी किंवा बाईंनीच तपासायला हवी.

शब्द शिकायला लांब जायचंही कारण नाही. बियाण्याची पिशवी, खताचं पोतं, फवारणीच्या औषधाची बाटली घरातच असते. त्यावरची 'एक्सपायरी डेट' पोरानं वाचून दाखवली, तर त्याचा धडा होतो आणि बापाचं नुकसानही टळतं.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचं काम आहे. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि पालकांनी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही चालू आहे का? वीजबिल कोण भरतं? आणि आठवड्यातून किती तास मुलं स्वतः मोठ्यानं वाचतात?

घरी वीस मिनिटं पोराजवळ बसायला आईबापाला इंग्रजी यायलाच पाहिजे असं नाही. पोरगं वाचतंय आणि आपण ऐकतोय, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ.