कोरोलाचे मूळ मागावर

सौदी, कुवेत किंवा दुबईत दहा-पंधरा वर्षे काढून रत्नागिरी-रायगडातल्या आपल्या गावी परतलेल्या माणसाजवळ मोटारीचा विषय काढून पाहावा. कौतुक तो मर्सिडीजचे करील, पण आठवण सांगेल ती टोयोटाची. क्रेसिडा असेल, कोरोला असेल. दिवसभर उन्हात उभी, वाळूतून धावलेली, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती गेलेली, आणि तरी चावी फिरवताच चालू होणारी गाडी. आपल्या कितीतरी बांधवांनी याच गाड्यांवर कोणी चालक म्हणून, कोणी मेकॅनिक म्हणून रोजी कमावली आणि त्या पैशावर गावाकडे घरे उभी राहिली. सौदी अरेबियात या गाड्यांची विक्री १९५५ पासून अब्दुल लतीफ जमील यांच्या पेढीकडे आहे. त्या पेढीची सुरुवात जेद्दा शहरात १९४५ साली एका पेट्रोल पंपापासून झाली होती.

आजचा विषय मात्र आखात नाही. ज्या कंपनीची ही गाडी, ती कंपनी मुळात मागवाल्यांची आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, एवढ्यासाठीच आम्ही व्यापाराच्या पानावर मोटारीविषयी लिहीत आहोत.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा. जपानच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात वडील सुतारकाम करीत आणि गावातल्या बायका घरोघरी हातमाग चालवीत. मुलाने सुतारकी शिकली, पण मन लागले ते मागात. १८९१ साली लाकडी हातमागाच्या सुधारणेचे पहिले पेटंट त्यांनी घेतले आणि १८९६ साली वाफेवर चालणारा माग तयार केला. पुढे १९०७ साली बड्या भांडवलदारांच्या पैशावर कंपनी निघाली. धंदा मंदावला तेव्हा त्याच भांडवलदारांनी १९१० साली साकिचींना बाहेरचा रस्ता दाखवला. शोध आपला, कारखान्यावर नाव आपले, आणि मालकी दुसऱ्याची. आमच्याकडील मजुरीवर विणणाऱ्या कारखानदाराला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्या मागाने या घराण्याचे नशीब फिरले, तो १९२४ साली पूर्ण झाला. 'जी' नमुन्याचा स्वयंचलित माग असे त्याचे नाव. कांडी संपत आली की धावत्या मागातच धोटा बदलला जाई, आणि ताण्याचा एक तार जरी तुटला तरी माग आपोआप थांबे. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण साध्या यंत्रमागावर काय होते, हे आमचे वाचक जाणतात. तार तुटतो, माग खडखडत चालूच राहतो, विणकराचे लक्ष पलीकडच्या मागावर असते. तो परत येईपर्यंत हातभर कापडात डाग पडलेला असतो. तपासणीत तो तागा बाजूला काढला जातो, भाव कापला जातो आणि त्याची शिक्षा शेवटी मजुराच्या हिशेबात उतरते. एका माणसाने चार, सहा, फार तर आठ मागच सांभाळावेत, ही मर्यादाही याच कारणाने पडते. माग स्वतः थांबू लागला, तेव्हा टोयोडांच्या कारखान्यात एकेक कामगार तीस-तीस माग पाहू लागला. उभे राहून पहारा देण्याचे काम संपले. थांबलेल्या मागाकडे जायचे, तार सांधायचा, माग पुन्हा चालू करायचा.

हा माग इतका सरस ठरला की ज्या इंग्लंडकडून जगाने यंत्रमाग घेतले, त्या इंग्लंडच्या ओल्डहॅम गावातील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने डिसेंबर १९२९ मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांच्या करारावर विकत घेतले. साकिची पुढच्याच वर्षी वारले. मुलगा किइचिरो यंत्रविद्या शिकलेला होता. त्याने मागाच्या कारखान्यातच एका कोपऱ्यात मोटारीच्या इंजिनाची जुळवाजुळव सुरू केली. १९३३ साली त्या कारखान्यात रीतसर मोटार विभाग निघाला, १९३६ साली पहिली मोटार विक्रीस आली आणि ऑगस्ट १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी झाली. घराण्याचे नाव टोयोडा. कंपनीचे मात्र टोयोटा केले गेले. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात, हेही त्याचे एक कारण. मोठमोठे कारखानदारही अशा समजुतीत अडकतात, याची गंमत वाटते.

मागावरची विद्या मोटारीच्या कारखान्यात कशी गेली, हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तैइची ओनो हे गृहस्थ १९३२ साली टोयोडांच्या सूतगिरणीत नोकरीला लागले आणि १९४३ साली मोटार कंपनीत आले. गिरणीत एक माणूस अनेक यंत्रे सांभाळतो, मग मोटारीच्या कारखान्यात एका यंत्रापाशी एक माणूस का उभा, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी यंत्रे नव्याने मांडली. पुढे तर अशी व्यवस्था झाली की जोडणीच्या रांगेत एखाद्या साध्या कामगाराला चूक दिसली तर त्याने दोरी ओढावी आणि दोष दूर होत नसेल तर सगळी रांग थांबवावी. तार तुटला की माग थांबतो, तीच ही युक्ती. आपल्याकडे मजुराने स्वतःच्या मर्जीने माग बंद केला तर त्याला काय ऐकून घ्यावे लागते, ते वेगळे सांगायला नको.

या घराण्याचा सगळा प्रवास सुखाचा झाला, असे मात्र कोणी समजू नये. युद्धानंतर, १९४९ साली, जपानात पैशाची भयंकर टंचाई आली. गाड्या विकल्या जात, पण वसुली होईना. पगार थकले. जपानच्या मध्यवर्ती बँकेच्या नागोया शाखेने इतर बँकांना एकत्र आणून कर्ज मिळवून दिले, पण विक्रीची कंपनी वेगळी काढण्याची आणि माणसे कमी करण्याची अट घातली गेली. कोणालाही कामावरून काढणार नाही, असा शब्द किइचिरो यांनी दिलेला होता. संप झाला आणि तो दोन महिने चालला. अखेरीस दोन हजारांच्या आसपास कामगार गेले, आणि जून १९५० मध्ये किइचिरो यांनीही अध्यक्षपद सोडले. शब्द पाळता आला नाही, तेव्हा माणसांबरोबर मालकानेही खुर्ची सोडली. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले, अमेरिकन सैन्याकडून ट्रकांची मागणी आली आणि कंपनी वाचली. किइचिरो परत यायचे ठरत होते, पण मार्च १९५२ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले ताइझो इशिदा हे मागाच्या कंपनीतले. कर्ज देणाऱ्याच्या दारात उभे राहण्याची वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही, हा धडा त्यांनी घेतला आणि हात आखडून कारभार केला. पुढे कंपनीजवळ रोकड एवढी साठली की लोक तिला टोयोटा बँक म्हणू लागले. मात्र या कंपनीला व्याजमुक्त व्यापाराचा नमुना ठरवण्याची घाईही आमच्या बांधवांनी करू नये. गाड्यांना कर्ज देणारी तिची स्वतःची वित्त कंपनी आहे आणि ती व्याजावरच चालते.

आता कोरोलाकडे येऊ. पहिली कोरोला नोव्हेंबर १९६६ मध्ये बाजारात आली. तिचा आराखडा करणारे तात्सुओ हासेगावा हे युद्धकाळात विमाने तयार करीत. गाडी एखाद्या गोष्टीत शंभर गुण मिळवणारी आणि दुसरीत नापास होणारी नको. प्रत्येक बाबतीत ८० गुण तरी हवेत आणि काही बाबतींत त्याहून वर, असा त्यांचा हिशेब होता. इंजिन आधी हजार सीसीचे ठरले होते. पण निसानची सनी त्याच वर्षी हजार सीसीचे इंजिन घेऊन येणार असे कळताच, विक्रीचे प्रमुख शोतारो कामिया यांच्या आग्रहावरून ते १०७७ सीसीचे केले गेले. किंमत ४ लाख ३२ हजार येनपासून. जपानचा पगारदार माणूस पहिल्यांदाच घरची गाडी घेण्याचा विचार करू लागला होता, त्याच्यासाठी ही गाडी. तिच्यात डोळे दिपवणारे काही नव्हते. चालवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला त्रास कमी, एवढेच. १९९७ साली फोक्सवॅगनच्या बीटलला मागे टाकून कोरोला हे जगात सर्वाधिक खपलेल्या मोटारीचे नाव ठरले आणि २०२१ मध्ये खपाचा आकडा ५ कोटींपलीकडे गेला. भारतात ती २००३ ते २०२० या काळात विकली गेली. इथे मात्र ती साध्या कुटुंबाची गाडी कधीच झाली नाही, साहेबलोकांचीच राहिली. आमच्या मध्यमवर्गाची गाडी मारुती.

एवढे सगळे वाचून आमचा एखादा कारखानदार म्हणेल, ते जपानी, त्यांची गोष्ट वेगळी. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९३६ साली जपानी सरकारने कायदा करून फोर्ड आणि जनरल मोटर्स या परदेशी कंपन्यांचे हातपाय बांधले, तेव्हा कुठे देशी मोटारींना बाजार मिळाला. आमच्या यंत्रमागवाल्याच्या पाठीशी असे कोण उभे राहिले? सूत महाग, विजेचे दर डोक्यावर, कापडाचा भाव व्यापारी ठरवणार. बारा माग असलेला माणूस मजुरीवर विणतो आणि महिनाअखेरीस हाती काय उरले ते मोजतो. त्याने टोयोटा व्हावे, असे म्हणणे ही त्याची थट्टा होईल.

आमचे म्हणणे शंभर-दोनशे माग असलेल्यांशी आहे. तेजीची वर्षे त्यांनीही पाहिली आहेत. त्या वर्षांचा पैसा कुठे गेला? जमिनीत गेला, इमारतीत गेला, लग्नांत गेला. मागात गेला तो मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग आणण्यापुरता. साकिचींनी शंभर वर्षांपूर्वी मागावर बसवलेली तार तुटताच थांबण्याची सोय आमच्या साध्या मागांवर बसवावी, म्हणून केंद्र सरकारला २०१३ साली अनुदानाची योजना काढावी लागली! तीही २०१७ मध्ये वाढवून द्यावी लागली. तिचा लाभ घेणारे घेऊन गेले. बाकीच्यांच्या कारखान्यात माग अजून तसेच खडखडत आहेत, तुटल्या तारासकट.

डागाचे कापड घडीच्या आत दडवून पुढे ढकलण्याची रीत बाजारात आहे, हे आम्ही लिहिले म्हणून कोणी रागावू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वर कोरडे आणि खाली ओले निघाले, हा प्रसंग आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकला आहे. ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्या विक्रेत्याला विचारले गेले. तार तुटताच थांबणारा माग याहून वेगळे काय करतो? दोष झाला की तो सर्वांसमोर उभा राहतो.

आणि ही शिस्त एकदा लागली की कायमची लागते, असेही नाही. २००९-१० मध्ये टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि घराण्याचे वारस आकिओ टोयोडा यांना अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन माफी मागावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये तर साकिचींच्या मूळ मागाच्या कंपनीतच डिझेल इंजिनांच्या चाचण्यांचे आकडे फिरवल्याचे उघड झाले आणि ती इंजिने बसवलेल्या काही गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. ज्या घराने जगाला तार तुटला की थांबायला शिकवले, त्याच घरात तार तुटला आणि यंत्र चालू राहिले.

ही कंपनी आजही एअरजेट माग बनवते आणि तिकडचे जुने माग फिरत फिरत आपल्या देशात येतात. नवे आणणे सर्वांना झेपणार नाही. पण साध्या मागावर तार तुटल्याची सूचना देणारी आणि माग थांबवणारी जोडणी बसवायला फार मोठे भांडवल लागत नाही. भिवंडी-मालेगावात आपल्या बांधवांच्या पतपेढ्या आहेत, बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. त्या लग्नाला, आजारपणाला, फीला पैसे देतात, ते योग्यच आहे. त्यांपैकी एखाद्या संस्थेने दहा-वीस लहान कारखानदारांना केवळ या जोडणीसाठी कर्ज-ए-हसना द्यावे आणि वर्षभर हिशेब ठेवावा. डागाचे तागे किती कमी झाले, एका मजुराने किती माग सांभाळले, त्याची मजुरी किती वाढली. मजुरी वाढली की नाही, हा आकडा आम्ही मुद्दाम मागत आहोत, कारण तो लिहायचा राहून जातो. असा हिशेब ज्या संस्थेकडे असेल, तिने तो आमच्याकडे पाठवावा. नफ्याचा असो वा तोट्याचा, या पानावर जसाच्या तसा छापू.