खुर्ची कोणाची, यापेक्षा किल्ली कोणाकडे?

सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या मंडळावर नवी नियुक्ती जाहीर झाली, की आपल्याकडे एक ठरीव नाट्यप्रयोग सुरू होतो. नियुक्त व्यक्तीचे पूर्वचरित्र उकरून काढले जाते. तिने कोणत्या व्यासपीठावरून कधी भाषण केले, याची टिपणे निघतात आणि इंग्रजी वृत्तपत्रांतून स्वायत्ततेचे मृत्युलेख छापून येतात. सत्तांतर झाले, की पात्रे तीच राहतात, संवाद तेवढे बदलतात. प्रसार भारतीच्या जन्मापासून हा प्रयोग अखंड चालू आहे आणि या गोंगाटात मूळ प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

जे आज स्वायत्ततेच्या नावाने गळा काढतात, त्यांची स्मरणशक्ती सोयीपुरतीच आहे. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण केसकर हे विद्वान मराठी गृहस्थ. अभिजात संगीतावर त्यांची निस्सीम श्रद्धा होती, हेतूही शुद्ध होता. परंतु त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद झाले आणि देशभरचा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून त्याला परत बोलवावे लागले. एका मंत्र्याची अभिरुची हीच राष्ट्राची अभिरुची ठरावी, हे त्या वेळी कोणाला खटकले नाही. अशोक चंदा समितीने १९६६ मध्ये आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र महामंडळे स्थापन करण्याची शिफारस केली. तीही धूळ खात पडली.

मग आणीबाणी आली. जून १९७५ मध्ये इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून माहिती व नभोवाणी खाते काढून घेऊन ते विद्याचरण शुक्ल यांच्या हाती देण्यात आले. किशोरकुमारसारख्या गायकाचा आवाज १९७६ मध्ये आकाशवाणीवरून बंद करण्यात आला, कारण तो सरकारच्या तालावर नाचण्यास तयार नव्हता. चंदा समितीने सुचविल्याप्रमाणे दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले तेही याच काळात, १ एप्रिल १९७६ रोजी. मात्र महामंडळ म्हणून नव्हे, सरकारी खाते म्हणून. पुढे ऐंशीच्या दशकात याच दूरदर्शनला लोक ‘राजीव दर्शन’ म्हणू लागले. ते नाव कोणा विरोधी पक्षाच्या कचेरीत तयार झाले नव्हते, घराघरांतल्या कंटाळ्यातून ते आले होते.

आपला तो बाब्या...

१९७७ मध्ये जनता सरकार आले. माहिती व नभोवाणी मंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. त्या गटाने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची कल्पना मांडली. १९७९ मध्ये विधेयकही आले, परंतु लोकसभेबरोबर तेही गेले. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने प्रसार भारती कायदा संमत करून घेतला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. दैवगती अशी, की तेव्हा पंतप्रधानपदी होते तेच गुजराल, ज्यांचे खाते आणीबाणीत हिरावले गेले होते.

या नव्या स्वायत्ततेचा प्रारंभ कसा झाला? पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल हे माहिती व नभोवाणी मंत्रालयाचेच माजी सचिव. त्यांचे वय कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेले. म्हणून ऑक्टोबर १९९७ मध्ये अध्यादेश काढून वयाची अटच उडविण्यात आली आणि त्याच अध्यादेशाने २२ खासदारांच्या समितीची तरतूदही काढून टाकण्यात आली. एका व्यक्तीसाठी कायदा वाकविला गेला, तरी स्वायत्ततेचे पुजारी शांत होते. १९९८ मध्ये हा अध्यादेश व्यपगत झाला आणि गिल यांना पद सोडावे लागले. मग मात्र आकाश कोसळले!

पहिल्या मंडळाचे अध्यक्ष निखिल चक्रवर्ती डाव्या विचारांचे संपादक होते. पत्रकाराने शासनाकडून सन्मान घेऊ नये, म्हणून १९९० मध्ये पद्मभूषण नाकारणारा हा माणूस आदरास पात्रच होता. मंडळात इतिहासकार रोमिला थापर आणि हिंदी साहित्यिक राजेंद्र यादव होते. त्यांची मते सर्वज्ञात होती, पण त्यांची निवड ‘गुणवत्ता’ मानली गेली. दर दोन वर्षांनी एकतृतीयांश अर्धवेळ सदस्यांनी निवृत्त व्हावे, ही तरतूद १९९० च्याच कायद्यातली. १९९९ मध्ये त्यानुसार हे दोघे निवृत्त झाले, तेव्हा तो ‘भगवा हल्ला’ ठरला. २०१४ मध्ये ज्येष्ठ पत्रकार ए. सूर्यप्रकाश अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे पत्रकारितेतील आयुष्य कोणी पाहिले नाही. विवेकानंद इंटरनॅशनल फाउंडेशनशी असलेला संबंध तेवढा पाहिला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, या न्यायाला निःपक्षपातीपणा म्हणत नाहीत.

याच वर्षातले आणखी दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एप्रिल २०१४ मध्ये, ऐन निवडणुकीत, नरेंद्र मोदी यांच्या मुलाखतीतील काही भाग दूरदर्शनने गाळून प्रक्षेपित केला. संस्थेचे तत्कालीन प्रमुख जवाहर सरकार यांनीच मंडळाला पत्र लिहून वृत्तविभागाला स्वातंत्र्य नसल्याची व्यथा मांडली. त्यावरचा गदारोळ लवकरच ओसरला. ऑक्टोबरमध्ये सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखविले. तेव्हा मात्र लोकशाही धोक्यात आली. त्या पत्राचे लेखक सरकार २०२१ मध्ये तृणमूल काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले, यावरही कोणाच्या भुवया उंचावल्याचे दिसले नाही.

रोग माणसात नाही, रचनेत आहे

ही यादी लांबविता येईल, पण प्रतिपक्षाचे ढोंग उघडे पाडले म्हणजे आपले काम संपले, असे समजण्याचे कारण नाही. मंडळावर विचार असलेली माणसे येणारच. विचारशून्य माणसे काय कामाची? कायद्यानुसार निवड उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक सदस्य यांची समिती करते. कागदावर ही योजना उत्तम आहे. परंतु निवडून आलेल्या माणसाच्या हाती काय दिले जाते? खुर्ची दिली जाते. तिजोरीची किल्ली मंत्रालयातच राहते.

याचा सर्वांत बोलका पुरावा सूर्यप्रकाश यांच्याच कारकीर्दीत मिळाला. २०१८ च्या प्रारंभी मंत्रालय आणि मंडळ यांच्यात उघड संघर्ष झाला. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा निधी मंत्रालयाने रोखल्याचे अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले. मंत्रालयाने ते नाकारले. खरे-खोटे क्षणभर बाजूला ठेवू. ज्यांना ‘सरकारचा माणूस’ म्हणून हिणविले, त्यांनाच सरकारशी भांडावे लागले, ही वस्तुस्थिती उरतेच. माणूस समविचारी असूनही संघर्ष टळला नाही, कारण दोष माणसाच्या विचारात नव्हता, व्यवस्थेच्या घडणीत होता.

ही घडण कशी आहे? ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत सेवेत आलेले कर्मचारी कायद्याने शासकीय सेवकच मानले जातात. कायद्यात सांगितलेले भरती मंडळ स्थापन व्हायला २०२० साल उजाडले. खासदारांची समिती आणि श्रोत्यांच्या तक्रारींसाठीची प्रसारण परिषद कागदावरच राहिली. पायाभूत सुविधांसाठी केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण असा प्रत्येक रुपया मंत्रालयाच्या दारातूनच येतो. आणि अध्यक्षपद? फेब्रुवारी २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत, तब्बल चार वर्षे, ते रिक्तच होते. चुकीच्या माणसाच्या नेमणुकीवर रान उठविणाऱ्यांनी रिकाम्या खुर्चीवर किती अग्रलेख लिहिले?

बीबीसीचा आदर्श

आमचे उदारमतवादी मित्र अशा वेळी बीबीसीचा दाखला देतात. तो जरूर घ्यावा, पण पूर्ण घ्यावा. तिथल्या चौदा सदस्यांच्या मंडळात अध्यक्षासह पाच जणांची नियुक्ती सरकारच्या शिफारशीनेच होते. २०२१ मध्ये अध्यक्ष झालेले रिचर्ड शार्प हे हुजूर पक्षाचे मोठे देणगीदार. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांच्या कर्जव्यवहारातील आपला सहभाग त्यांनी निवडीच्या वेळी पुरेसा उघड केला नव्हता. म्हणजे राजकीय नियुक्तीचा रोग लंडनलाही आहे. फरक पुढे आहे. तिथे स्वतंत्र चौकशी झाली, अहवाल प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये शार्प यांना राजीनामा द्यावा लागला. शिवाय संस्थेचा मुख्य खर्च प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून चालतो. सरकार माणूस पाठवू शकते, चूल मात्र सहजासहजी विझवू शकत नाही. घेण्यासारखे आहे ते हे. तिथल्या निःपक्षपातीपणाचे पोवाडे आपण गाण्याची गरज नाही.

श्रोता कुठे आहे?

या साऱ्या वादात ज्याच्यासाठी संस्था आहे, त्या माणसाचे नावही निघत नाही. आकाशवाणी २३ भाषांतून बोलते. दूरदर्शनची निःशुल्क डिश सेवा चार कोटींहून अधिक घरांत पोहोचली आहे. खासगी वाहिन्यांचे मासिक शुल्क न परवडणारा शेतकरी आणि सीमेवरच्या गावातला विद्यार्थी हेच तिचे खरे मालक. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. तरीही जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठविल्यावरच तो स्थगित झाला. दिल्लीच्या मंडळात मराठी श्रोत्याची बाजू मांडणारे कोणी असते, तर ही वेळ आली असती का? २०१६ मध्ये अर्धवेळ सदस्य म्हणून चित्रपट आणि संगीत क्षेत्रातील लोकप्रिय नावे नेमली गेली. लोकप्रियता हा दोष नव्हे. परंतु मंडळाला शोभेपेक्षा ग्रामीण केंद्रांची जाण असलेल्या, बैठकीत नेटाने बसून हिशेब विचारणाऱ्या माणसांची गरज अधिक आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. पद रिक्त होण्यापूर्वी निवड पूर्ण व्हावी. निवड समितीत लोकसभेतील विरोधी पक्षनेत्याला स्थान मिळावे आणि निवडीची कारणे लेखी प्रसिद्ध व्हावीत. संसदीय समिती प्रत्यक्षात यावी. निधी दरवर्षीच्या मर्जीवर न सोडता अनेक वर्षांसाठी कायद्याने निश्चित व्हावा. ही मागणी विरोधकांची आहे, असे म्हणून ती झटकता येणार नाही. आणीबाणीत ज्यांनी कारावास भोगला, त्यांनीच १९७७ मध्ये ती पहिल्यांदा राष्ट्रासमोर मांडली होती. सत्ता आज आहे, उद्या दुसऱ्याकडे जाईल. आज मंत्रालयात ठेवलेली किल्ली उद्या कोणाच्या कमरेला लटकेल, याचा विचार सत्तेवर असतानाच करावा लागतो. जनता सरकारने घेतलेला संकल्प पन्नाशीकडे निघाला आहे. तो पूर्ण करण्याचे दायित्व ज्यांच्याकडे वारशाने आले आहे, त्यांनीच आता पुढाकार घ्यावा.