हिरडीतील रक्त आणि आपले कर्तव्य

मुखरोगांची संख्या आयुर्वेदाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात सात स्थानांतील ६५ मुखरोग वर्णिले आहेत. त्यांपैकी १५ दंतमूलाचे असून त्यांत पहिले नाव शीतादाचे आहे. परीक्षेत ही यादी आपण अचूक लिहितो. पुढे चिकित्सालयात बसल्यावर मात्र नाडी पाहतो, उदर चाचपतो, जिव्हा पाहतो आणि जिव्हेसाठी उघडलेल्या त्याच मुखातील हिरड्या पाहायच्या राहून जातात. प्रस्तुत लेख या राहून जाण्याविषयी आहे. त्याचा आरंभ स्वतःच्या चुकीपासून करणे उचित होईल.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आम्लपित्तासाठी येत असत. एकदा निघता निघता ते सहज म्हणाले, की दात घासताना हिरडीतून रक्त येते. मी मुख न पाहताच खदिर, त्रिफळा, बकुळ आणि लोध्र यांचे चूर्ण हिरड्यांवर चोळण्यास दिले. पंधरा दिवसांत रक्त थांबले. ते संतुष्ट झाले, मीही झालो. तेच चूर्ण त्यांनी चार वर्षे वापरले आणि शाळेतील सहकाऱ्यांनाही सुचविले. पाचव्या वर्षी पुढचे खालचे दात हलू लागले म्हणून ते आले, तेव्हा मी प्रथमच टॉर्च लावून पाहिले. दातांच्या आतील बाजूस कीटणाचा जाड थर होता, हिरडी खाली सरकली होती आणि बोटाने दाबताच पूय येत होता. दंतवैद्यांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रात दातांभोवतीचे हाड निम्म्याहून अधिक झिजलेले दिसले. चार दात काढावे लागले. रुग्णाचे वय त्या वेळी ४६ होते.

औषध निवडण्यात फारशी चूक नव्हती. कषाय रसाने आपले स्तंभनाचे काम चोख केले आणि वरवरचा रक्तस्राव थांबविला. परंतु व्याधीचा हेतू दातावर जागच्या जागी राहिला. रुग्णाला आणि वैद्याला सावध करणारे एकमेव लक्षण मी पुसून टाकले आणि व्याधी चार वर्षे निर्वेधपणे खोल जात राहिला.

वस्तुतः शास्त्राने याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. दातांवर मल साचून शर्करेसारखा कठीण होतो, त्या अवस्थेला सुश्रुतांनी दंतशर्करा म्हटले आहे. तिची चिकित्सा सांगताना ते प्रथम हिरडीला इजा न करता शर्करा काढून टाकण्यास सांगतात आणि त्यानंतर मधासह लाक्षाचूर्णाचे प्रतिसारण सांगतात. शीतादातही रक्तमोक्षण प्रथम आहे. शुंठी, सर्षप, त्रिफळा, मुस्ता व रसांजन यांचा गंडूष त्यामागून येतो. आधी उद्धरण वा शोधन, मग शमन असा हा क्रम आहे. आपण मात्र या क्रमाचा उत्तरार्ध तेवढा जवळ ठेवला आणि त्याला मंजनाच्या डबीत भरले.

आधुनिक दंतशास्त्राचे निरीक्षण याच्याशी जुळणारे आहे. दातांवर जमणारा जंतूंचा मऊ थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांत कठीण होऊ लागतो. एकदा कठीण झालेले कीटण कोणत्याही ब्रशने, मंजनाने वा तेलाच्या गुळण्यांनी निघत नाही. हिरडीचा शोथ केवळ हिरडीपुरता असेपर्यंत तो पूर्णपणे बरा होतो. तो हाडापर्यंत पोहोचला की पुढील नाश थांबविता येतो, पण गेलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. पहिली अवस्था शीतादाच्या जवळची आहे. पूय आणि दंतचलन असलेली दुसरी अवस्था दंतवेष्ट व उपकुश यांच्या जवळची. षट्क्रियाकालाचे महत्त्व आपण व्याख्यानांतून सांगतो, ते येथे प्रत्यक्ष दिसते. दंतमूलगत रोगांपैकी त्रिदोषज नाडी आणि महाशौषिर असाध्य मानले आहेत. तेथवर रुग्णाला जाऊ न देणे हेच वैद्याचे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना तीव्र स्वरूपाचा हिरड्यांचा व्याधी आहे. त्यांतील कित्येक आपल्याच बाकावर दुसऱ्या तक्रारीसाठी बसलेले असतात.

परीक्षणास दोन मिनिटे पुरतात. प्रथम प्रश्न विचारावेत : घासताना वा फळ चावताना रक्त दिसते का? सकाळी मुखदुर्गंधी असते का? दात पूर्वीपेक्षा लांब वाटतात का, दोन दातांत अन्न अडकू लागले आहे का? नंतर टॉर्च लावून ओठ व गाल बाजूला करावेत. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडील बाजू अवश्य पाहावी, कारण लाळग्रंथींची मुखे जवळ असल्याने कीटण तेथे अधिक साचते. निरोगी हिरडी घट्ट असते आणि तिची कड धारदार असते. शोथ आला की कड फुगते, चकाकते व मृदू होते. शीतादाच्या लक्षणांत कृष्णवर्ण सांगितला आहे. तथापि आपल्याकडील अनेकांच्या हिरड्या निसर्गतःच काळसर असतात, हे ध्यानी ठेवून केवळ वर्णावरून निदान करू नये.

काही रुग्णांत ही परीक्षा कधीही टाळू नये. मधुमेह आणि हिरड्यांचा व्याधी परस्परांना बळ देतात. शर्करा आटोक्यात नसेल तर हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतील शोथामुळे शर्करा आटोक्यात येणे कठीण होते. गर्भिणीच्या हिरड्या सहज सुजतात. अपस्मारावरील फेनिटॉइन आणि रक्तदाबावरील अॅम्लोडिपिनसारख्या औषधांनी हिरडी वाढू शकते. सर्वांत फसवा रुग्ण तंबाखूचा. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून ती निरोगी भासते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी आली. तरी आपल्या खेड्यापाड्यांतील अनेक स्त्रिया आजही घरी तंबाखू भाजून मशेरी लावतात. त्या तिला व्यसन मानत नाहीत, दात घासणेच समजतात. म्हणून ‘तंबाखू खाता का?’ असे न विचारता ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे. मशेरी लावणाऱ्याच्या मुखात दोन आठवड्यांत न भरणारा व्रण वा पांढरा चट्टा दिसला, तर विलंब न करता तज्ज्ञाकडे पाठवावे. आपोआप होणारा रक्तस्राव, ज्वर आणि अंगावर काळेनिळे डाग ही लक्षणे एकत्र असतील, तर व्याधी हिरडीपुरता न समजता तत्काळ रक्ततपासणी करावी.

दंतवैद्याकडे कीटण काढण्यास पाठवावयाचे म्हटले, की रुग्ण कचरतो. दात साफ केल्याने ते हलतात, फटी पडतात, हा समज घरोघरी आहे आणि खेदाने नमूद करावेसे वाटते, की आपल्यातील काही जण त्याला दुजोरा देतात. हिरडी आधीच सरकलेली असते व ती जागा कीटणाने भरलेली असते. ते निघाल्यावर फट दिसू लागते इतकेच. काहींना रुग्ण दुसऱ्या शास्त्राच्या हाती देणे कमीपणाचे वाटते. तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने २०२० साली शल्य व शालाक्य पदव्युत्तरांच्या शस्त्रकर्मांविषयी अधिसूचना काढली, तेव्हा अधिकारांवर पुष्कळ वाद झाला. परंतु रुग्णाचे मुख उघडून पाहण्यास कोणत्याही अधिसूचनेची आवश्यकता नाही. हिरडीस इजा न करता शर्करा काढणाऱ्या कुशल हाताकडे रुग्ण सोपविणे म्हणजे सुश्रुतांचीच आज्ञा पाळणे होय.

कीटण निघाल्यावर आपली औषधे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. त्रिफळा क्वाथाचा कवल, खदिराचे मधासह मृदू प्रतिसारण आणि पथ्य यांची जोड द्यावी. राखुंडी, कोळसा व जाडे मीठ बंद करावे. चरकाचार्यांनी दंतधावन दोन वेळा आणि हिरडीला बाधा न आणता सांगितले आहे. रात्रीची वेळ आपण विसरलो आहोत. रक्त येते म्हणून त्या जागी घासणे सोडू नये, हेही रुग्णास बजावावे. पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा बोलावून हिरडी डोळ्यांनी पाहावी, केवळ त्याच्या सांगण्यावर संतुष्ट होऊ नये.

माझ्या रुग्णपत्रकावर जिव्हेच्या खाली ‘दंतमूल’ असा एक रकाना मी त्या शिक्षकांच्या प्रसंगानंतर छापून घेतला. आपल्या सभासदांनीही तो घालून घ्यावा, अशी नम्र विनंती आहे. रकाना रिकामा दिसला की टॉर्चकडे हात जातो, असा माझा अनुभव आहे.