समाजमाध्यमांची खाती परस्पर जोडणाऱ्या कंपन्यांना जाहीर इशारा

व्हॉट्सअॅपसाठी दिलेला फोन नंबर फेसबुकला दिलेला नसतो. इन्स्टाग्रामवर टोपणनावाने कविता टाकणारी मुलगी ते नाव घरच्यांना आणि ऑफिसातल्या साहेबांना सांगत नाही, तेव्हा तिच्याकडे तिची कारणं असतात. दोन माध्यमांचा मालक एक झाला म्हणून माणसाच्या वेगवेगळ्या ओळखी एकत्र बांधायचा हक्क कुणाला मिळत नाही. समाजमाध्यम चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीने हे नीट ऐकून घ्यावं.

तुमच्या शब्दावर विसंबण्याचे दिवस संपले. २०१४ मध्ये व्हॉट्सअॅप विकत घेताना दोन्हीकडची खाती आपोआप, खात्रीने जुळवता येणार नाहीत, असं फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितलं. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपचं धोरण बदललं आणि नंबर जोडायची वाट मोकळी झाली. जुळवणीची शक्यता २०१४ मध्येही होती आणि कंपनीतल्या लोकांना ती ठाऊक होती, असा ठपका ठेवून आयोगाने २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड ठोठावला. भारतात जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या धोरणात तर नकाराची सोयच नव्हती. मान्य करा, नाहीतर व्हॉट्सअॅप विसरा! शाळेच्या सूचना, किराणा दुकानाची यादी, बचत गटाची बैठक सगळं ज्या अॅपवर चालतं, ते सोडायला सांगून मिळवलेला होकार म्हणजे शुद्ध अडवणूक. भारतीय स्पर्धा आयोगाने त्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीला, २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. अपील न्यायाधिकरणाने २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली. दंड भरला की सुटलो, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांच्यावर. नवऱ्याचा मार चुकवून दुसऱ्या गावी राहणारी बाई नवा नंबर फक्त बहिणीला देते. बहिणीने एखाद्या अॅपला फोनबुक दिलं की तो नंबरही गेला. उद्या ‘तुमच्या ओळखीचे असू शकतात’ म्हणत तिचा चेहरा त्याच नवऱ्यापुढे येऊ शकतो. तिची संमती बहीण देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही. केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणात फेसबुकवरच्या मित्रांचीही माहिती गोळा करणारं अॅप भारतातल्या अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं. फेसबुकच्याच अंदाजाने झळ पोचू शकणारे भारतीय होते ५ लाख ६२ हजारांवर. बाकीच्यांचा गुन्हा एवढाच, की ते कुणाचे तरी मित्र होते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिने दिले आहेत, म्हणजे मे २०२७ पर्यंत. एवढीच तुमची मुदत. तोवर खाती जोडण्याचं बटण मुळात बंद ठेवा. प्रत्येक जोडणीसाठी वेगळं विचारा, आणि तेही मराठीत. आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ही विचारणा मागण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं करा. फोनबुकमधून उचललेले, तुमच्याकडे खातंच नसलेल्यांचे नंबर पुसून टाका. हे झालं नाही तर तक्रारी आधी तुमच्या तक्रार अधिकाऱ्याकडे येतील, तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जातील. संमतीच्या तरतुदी मोडल्यास ५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

वाचकहो, मे २०२७ ची वाट तुम्ही मात्र पाहू नका. इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर उघडा, कोणती खाती जोडलेली आहेत ते पाहा आणि नको ती आजच तोडा. फोनबुक अपलोड बंद करा. त्यात तुमच्या एकट्याचे नंबर नाहीत.