जीप नवी झाली, कागद जुनेच!
विम्याच्या लेखी पुनरुज्जीवित गाड्यांना मोल नाही

रत्नागिरी – घाटरस्ते, कातळावरच्या वाटा आणि आंब्याच्या बागा यांमुळे जुन्या जीपगाड्यांना कोकणात अद्याप मागणी आहे. त्या नव्याने बांधून घेण्यावर काही लाख रुपये खर्च करणारे हौशीही येथे आहेत. रुंद टायर, नवा टप, पॉवर स्टिअरिंग, प्रसंगी दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसते. क्रमांक मात्र तोच एमएच-०८ चा राहतो आणि आरसी बुकातील वर्णनही जुनेच. विम्याचा सारा प्रश्न या तफावतीतून उभा राहतो.

विमा कंपनी संरक्षण देते ते आरसी बुकात वर्णन केलेल्या गाडीला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. इंजिन बदलल्यास १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळविण्याचे बंधन आहे. प्रत्यक्षात गॅरेजमधून बाहेर पडलेली जीप थेट रस्त्यावर येते आणि कार्यालयाची पायरी कोणी चढत नाही. हरियाणातील मंडी डबवाली येथून बांधून आणलेल्या जीपच्या बाबतीत तर खरेदीपूर्वीच चासी व इंजिन क्रमांक ताडून पाहिलेले बरे.

बदल म्हटला की विमा नाकारलाच जातो, असे मात्र नाही. सीएनजी किटचेच उदाहरण घ्या. मान्यताप्राप्त किटची नोंद आरसी बुकात झाली की जादा हप्ता भरून ते विम्यात येते. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये हा दर किटच्या किमतीच्या ४ टक्के होता. म्हणजे ६० हजारांच्या किटला २,४०० रुपये. विजेवर चालणाऱ्या जादा उपकरणांनाही हाच दर होता. एवढ्या रकमेसाठी नोंद टाळणारा गाडीमालक आग लागल्यास पूर्ण दावाच धोक्यात घालतो.

खरी अडचण आहे ती पुनरुज्जीवनाच्या मोलाची. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमाकृत रक्कम घसाऱ्याच्या कोष्टकातून निघते. त्यापुढील गाड्यांची, तसेच उत्पादन थांबलेल्या मॉडेलची रक्कम कंपनी व मालक यांनी परस्परसंमतीने ठरवावी, असा दंडक होता. ‘परस्परसंमती’ हा शब्द गोंडस खरा. पण नूतनीकरणाच्या वेळी एजंट जो आकडा लिहितो त्यावर मालक सही करतो. जीपवर चार लाख खर्च झालेले असोत, पॉलिसीत ती लाखाच्या आतबाहेरच राहते. दुरुस्तीच्या दाव्यात तर आणखी मौज आहे. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि त्यासाठी वय पाहिले जाते ते गाडीचे, सुट्या भागाचे नव्हे. गेल्या महिन्यात बसवलेला कोरा मडगार्डही कंपनीच्या हिशेबी म्हाताराच! खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा तर झीज म्हणून विम्याबाहेरच राहतो.

यातून सूट मिते ती फक्त खऱ्याखुऱ्या व्हिंटेज गाड्यांना. जुन्या टॅरिफमध्ये ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या मोटारींनाच ठरावीक मूल्याची पॉलिसी देण्याची मुभा होती. केंद्राने जुलै २०२१ मध्ये नोंदणीपुरती ही मर्यादा ५० वर्षांवर आणली. त्यासाठी २० हजार रुपये शुल्क आहे, गाडीत मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे आणि ती रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. बागेत खत नेणाऱ्या १९८५ च्या जीपला याचा उपयोग शून्य. तिला पन्नाशी गाठायलाच २०३५ उजाडेल.

त्याच जुलैच्या २२ तारखेला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणमधील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा गाडीत दुसरे इंजिन बसविणे भागच पडते, तेव्हा नोंदीचा मुद्दा केवळ हौशी मंडळींचा राहत नाही. पुढच्या अपघातात सर्व्हेअर प्रथम इंजिन क्रमांक ताडतो आणि तो जुळला नाही, तर बाकीचे बोलणे कठीण होते.

दावा सरसकट फेटाळला गेल्यास मात्र गप्प बसण्याचे कारण नाही. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या अमलेंदु साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, अटीचा भंग होऊनही दाव्यापोटी काही रक्कम देण्याचा आदेश दिला होता. बदलाचा अपघाताशी संबंध नसेल, तर या निकालाचा आधार जिल्हा ग्राहक आयोगापुढे घेता येतो. अर्थात त्यासाठी पुराव्याची फाइल हवी. गॅरेजची बिले, कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, परवानाधारक सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल आणि बदल कळविल्याचे कंपनीला दिलेले पत्र, पोचेच्या शिक्क्यासह. विमाकृत रक्कम वाढवून मागायची तीही नूतनीकरणापूर्वी, याच कागदांच्या बळावर.