पडूनही गुण अधिक कसे?

हिवाळी ऑलिम्पिकचे प्रक्षेपण पाहताना आपल्याकडील प्रेक्षक एका ठिकाणी हमखास गोंधळतो. फिगर स्केटिंगमध्ये बर्फावर पडलेला खेळाडू कधी कधी न पडलेल्याला मागे टाकतो आणि मग परीक्षकांच्या हेतूविषयीच शंका घेतली जाते. एकेकाळी या शंकेला आधारही होता. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत जोडी प्रकाराचे सुवर्णपदक रशियाला मिळाले. मात्र फ्रान्सच्या परीक्षकावर दबाव आणल्याचा आरोप झाला आणि अखेर कॅनडाच्या जेमी सॅले व डेव्हिड पेलेतिए यांनाही सुवर्णपदक द्यावे लागले.

या प्रकरणानंतर सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकपासून प्रत्येक उडीला आणि गिरकीला ठरावीक मूळ गुण आहेत. ती कशी साधली, यावर परीक्षक उणे पाच ते अधिक पाच अशी प्रत देतात. त्यातली सर्वोच्च व नीचांकी प्रत वगळून सरासरी काढली जाते.

कोड्याचे उत्तर याच हिशेबात आहे. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकवेळी हवेत चार फेरे घेणाऱ्या लुट्झ उडीला ११.५० मूळ गुण होते, तर तीन फेऱ्यांच्या टो लूपला ४.२०. लुट्झचे फेरे पूर्ण करून पडल्यास मूळ गुण निम्मे होतात आणि वर एक गुण कापला जातो. तरीही ४.७५ उरतात! म्हणजेच हा नियम धाडसाला किंमत देतो.

अर्थात, नियम खेळाला वळणही लावतात. उत्तरार्धातील उड्यांना दहा टक्के अधिक गुण असल्याने २०१८ साली प्योंगचांगमध्ये रशियाच्या अलिना झगितोवाने मुक्त प्रकारातील साऱ्या उड्या उत्तरार्धातच घेतल्या आणि सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर ही सवलत त्या प्रकारात शेवटच्या तीन उड्यांपुरती सीमित झाली.

मांडणी आणि सादरीकरणाच्या गुणांत परीक्षकाच्या रुचीला आजही वाव आहे. पण उरलेला हिशेब उघड आहे. तेव्हा टाळ्यांच्या आवाजाबरोबरच उडीतले फेरे आणि पडद्याच्या कोपऱ्यातील गुणांचा चौकोन पाहावा. निकालावर वाद घालायचा, तर तो निदान माहितीच्या आधारे घालता येईल.